आधी हिवरी, मग गारखोरा

*गारखोरा – अर्धा.*
*हिवरी – अर्ध्याच्या थोडी वर.*
*जुना तलाव – म्हशींपुरता.*

करजखेडच्या पंपघराच्या भिंतीवर एक काळा फळा होता, आणि गावाला पाणी देणाऱ्या तिन्ही तलावांची खबर त्यावर रोज सकाळी लिहायची रीत होती. लिहायचा पुंजाराम. हा नगरपालिकेचा चावीवाला. कोणत्या तलावाचं पाणी गावाकडं वळवायचं ते ठरलं, की मोठ्या नळाचा व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघायचा. दीक्षेच्या साली नागपूरहून परत आल्यावर तो रात्रशाळेत बसला आणि चाळिशीत अक्षरं शिकला. तेव्हापासून लिहायची एकही संधी त्यानं सोडली नव्हती. फूट-इंच लिहीत जा, असं ओव्हरसियर देवराव त्याला सांगून थकले.

पुंजाराम म्हणायचा, "साहेब, फूट लोकायले समजत नाई. म्हशीपुरता म्हटलं का सम्द्यायले समजते."

देवराव तसे पुष्कळ गोष्टींनी थकले होते. चोवीस तासांत एकदा तरी नळाला पाणी येतं हे ज्याच्यामुळं, त्याचं नाव गावाला फक्त पाणी न आलेल्या दिवशी आठवतं. देवरावांना आता त्याचंही काही वाटत नसे. टोपी काढायची, डोकं पुसायचं, टोपी घालायची. शिव्या खाऊन झाल्या की सायकलला टांग मारायची.

साल पासष्ट. पोळ्याला बैलांच्या अंगावरचा रंग ओघळेल इतका पाऊस पडला आणि जो गेला तो परत आलाच नाही. सीमेवर लढाई झाली, सोमवारी संध्याकाळी चुली बंद ठेवायच्या असं ठरलं, अमरावतीला धान्यासाठी रांगा लागल्या. दसरा आला तेव्हा तिन्ही तलाव मिळून पुढच्या मृगापर्यंत पुरतील की नाही, हा प्रश्न गावात एकट्या देवरावांनाच पडलेला होता. बाकीच्यांना तो उन्हाळ्यात पडणार होता.

—

नगरपालिकेची सभा. सोमवार.

अध्यक्ष खुशालराव: बसा देवराव. थोडक्यात सांगा, पोटात काही नाई.

देवराव: थोडक्यातच आहे. आपण पंधरा दिवस गारखोऱ्याचं पाणी पितो, पंधरा दिवस हिवरीचं. ही पाळी बंद करायची.

वरच्या पेठेचे मेंबर: काहून?

देवराव: गारखोरा डोंगरात आहे. खोल, तोंड लहान, दोन्ही अंगांनी कड्यांची सावली. हिवरी म्हणजे परात. उन्हाळ्यात हिवरीचं पाणी आपण पितो त्याहून जास्त ऊन पितं. मग ऊन जिथं जास्त पितं, तिथलं पाणी आपण आधी पिऊन टाकावं. आधी हिवरी, मग गारखोरा. थंडीत हिवरी संपवायची, तोवर गारखोऱ्याला हात लावायचा नाही. त्याच्या बुरुजावरची पाणी मोजायची पट्टी पाहा, अजून दोन हत्ती एकावर एक बुडतील इतकं पाणी आहे. ते मृगापर्यंत जातं.

खालच्या पेठेचे मेंबर: हिवरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई.

अध्यक्ष: थे बी खरं हाय.

वरच्या पेठेचे मेंबर: म्हणून तं विंग्रजाच्या काळात पाळी लावली. पंधरा दिवस शिजली, पंधरा दिवस कच्ची. सम्द्यायले सारखी.

देवराव: कच्ची डाळ पाहिजे की कोरडा नळ, एवढंच ठरवायचं आहे.

खालच्या पेठेचे मेंबर: अन हिवरीवर इंजन लागते, डिझेल लागते. गारखोऱ्याचं पाणी तं उतारानं फुकट येते. फुकटचं ठेवाचं अन इकतचं प्याचं?

देवराव: फुकटचं म्हणूनच शेवटी ठेवायचं. वैशाखात इंजिन बसलं, तर अकोल्याहून सामान येईपर्यंत गाव काय पिणार?

(कोणाच्या तरी पोटात गुरगुरतं.)

अध्यक्ष: देवराव, हिवरीखाली तुमच्या बहिणीचा बगीचा हाय ना?

देवराव: आहे.

अध्यक्ष: विहीर हिवरीच्या झिरप्यावरच अशीन.

देवराव: त्या पट्ट्यातल्या सगळ्याच विहिरी.

अध्यक्ष: मंग?

देवराव: मग काय?

अध्यक्ष: काही नाई. मंजूर.

—

पार्बताबाई देवरावांहून मोठी. आई गेली तेव्हा देवराव पाटीवर अक्षरं गिरवत होते आणि बाई चुलीपुढं बसू लागली होती. बहिणीला ते बाईच म्हणत. तिला हिवरीच्या पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, संत्र्याच्या बगीच्यात दिली, तेव्हा देवराव वऱ्हाडाबरोबर गेले आणि परत यायलाच तयार होईनात, ही गोष्ट ती अजून चारचौघांत सांगायची.

भाऊबीजेला सायकलच्या हँडलला पिशवी लावून ते गेले. पिशवीत हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं.

बगीचा तहानलेला दिसत होता. पानं दुमडलेली, कडा आत वळलेल्या, झाडांखालची माती भेगाळलेली. देवराव सायकलवरून उतरले. मग ध्यानात आलं: ताण. आंबिया बहार धरायचा तर दसऱ्यापासून झाडांचं पाणी तोडतात. पानं गळाली तरी देत नाहीत. झाड घाबरतं, आता मरतो म्हणतं, आणि मरायच्या आधी फुलायचं मनात आणतं. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं, की काडीकाडीला फूल येतं. सगळा खेळ त्या पाण्याचा. ते वेळेवर आलं नाही, की फूल तर नाहीच, झाडही जातं.

"यंदा ताण द्यायला नको होता, बाई," देवराव पाटावर बसता बसता म्हणाले.

"दसऱ्यालेच देल्ला." पार्बताबाईनं कुंकवात पाणी कालवलं. "तवा कुठं तू सभेत बोलला होता?"

म्हणजे कळलं होतं.

बाईचे यजमान गोवर्धनभाऊजी ओसरीवर बसले होते. ते कधीच फारसं बोलत नसत. त्यांनी नुसता पानाचा डबा पुढं सरकवला. पार्बताबाईनं भावाला कुंकू लावलं, तांदूळ लावले, निरांजन उचललं आणि ओवाळता ओवाळता थांबली.

"भाऊ, यंदा मले लुगडं नको."

"आणलंय."

"असू दे. मी काय मांगते थे आयक. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत माह्या विहिरीत पाणी राह्यलं पाह्यजे. तेवढं हिवरीत ठेव. मंग ने सम्दं. गाळासकट ने."

"बाई, ते माझ्या हातात..."

"तुह्याच हातात हाय. चावी पुंजारामच्या खांद्यावर हाय अन पुंजाराम तुह्या हाताखाली हाय. मले भोळी समजतं का?"

"तुझ्या विहिरीपुरतं पाणी ठेवायचं म्हणजे अर्धी हिवरी ठेवायची. ती उन्हात उडून जाईल. गावाला मेच्या महिन्यात..."

"गावाले मेच्या महिन्यात गारखोरा हाय."

"गारखोरा एकटा पुरणार नाही."

"मी गाव नोहो का?"

निरांजनातली वात फडफडत होती आणि ओवाळणी घातल्याशिवाय बाईला ताट खाली ठेवता येत नव्हतं. भाऊबीजेला बहिणीनं मागितलेलं भावानं नाही म्हणायचं नसतं. देवराव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं आणि ताटात ठेवलं.

पार्बताबाई लुगड्याकडं पाहत राहिली. ओवाळणी परत करत नाहीत. तिनं ती उचलली, उलगडली नाही, कोपऱ्यातल्या रिकाम्या सुपात टाकली आणि पुरणाचं ताट वाढायला आत गेली. पुरणाची डाळ कच्ची होती. हिवरीचं पाणी.

—

*गारखोरा – अर्धा. हात लावू नये.*
*हिवरी – चालू.*

—

*हिवरी – चालू.*

—

*हिवरी – अजून चालू आहे!*

त्या चिन्हापायी पुंजारामनं खडू मोडला. कारण गोष्टच तशी होती. देवरावांच्या हिशेबानं हिवरी मार्गशीर्षात संपायची, आणि ती संपता संपेना. पट्टीवरचं पाणी उतरायचं पण सावकाश. उंटाच्या पोटात असावं तसं कुठून कुठून निघत राहायचं. नाताळ गेला. संक्रांत आली. इंजिन फुकफुकत होतं, गाव कच्ची डाळ खाऊन ढेकर देत होतं, आणि चौकात लोक म्हणू लागले की ओव्हरसियर मोठा कामाचा माणूस हाय बाप्पा, पाणी वाढवून राहिला. खुशालराव अमरावतीला कलेक्टर कचेरीत जाऊन सांगून आले की आमच्याकडं टंचाई नाही, आमच्याकडं नियोजन आहे.

देवरावांना बऱ्याच वर्षांनी झोप लागली. इतकं पाणी निघतंय म्हणजे जमिनीतून झिरपून परत येत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि तिथंच थांबले. चांगलं झालं की माणूस का झालं म्हणून विचारत नाही. त्यांनी तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि हिवरी संपेना म्हणून पार्बताबाईची विहीरही संपेना. संक्रांतीला तिनं कोणाची वाट पाहिली नाही. मोट जुंपली आणि ताण तोडला. झाडांना पहिलं पाणी मिळालं. दुसरं मिळालं. पंधरवड्यात सगळा पट्टा पांढरा झाला. वारं फिरलं की संत्र्याच्या फुलांचा वास पार पंपघरापर्यंत यायचा आणि पुंजाराम खडू हातात धरून उभा राहायचा.

अशाच एका सकाळी दोघं हिवरीच्या पाळीवर उभे होते. तलावात आता मधोमध एक डोह तेवढा उरला होता. एका बाजूला तो डोह, दुसऱ्या बाजूला, पाळीखाली, पांढरा बगीचा.

पुंजाराम म्हणाला, "साहेब, गारखोऱ्याकडं वळू का? नुसती चावी फिरवाची हाय."

देवराव पाळीच्या कडेशी जाऊन खाली पाहू लागले.

"एवढ्या डोहात गाव किती दिवस पेईन? अन तिकडं तेवढ्यात दोन पाण्या होऊन जातीन. फळ धरीन."

देवरावांनी टोपी काढली. डोकं पुसलं. ऊन खरोखरच तापू लागलं होतं. हा डोह ठेवला तर शिमग्यापर्यंत त्यातला निम्मा उडणार, हे दोनाला दोन मिळवण्याइतकं स्पष्ट होतं. आणि तो बहिणीसाठी ठेवला, तर खालच्या पट्ट्यातले सगळेच उद्या दारात येणार, हेही तितकंच. आणि न आले तरी त्यांना स्वतःला माहीत राहणार.

"हिवरीच ओढ," ते म्हणाले.

मग इंजिन फुकफुकत राहिलं आणि डोहाची परात झाली, परातीची वाटी झाली, आणि पाळीखालच्या विहिरींची मोट आधी अर्धी भरून यायला लागली, मग तळ खरवडून चिखलाची यायला लागली, मग गोवर्धनभाऊजींनी बैल सोडून दिले, आणि झाडांवर फुलांची हरभऱ्याएवढी फळं झाली होती ती आधी पिवळी पडली आणि मग एका दुपारी वारा नसताना गळाली, पाऊस पडावा तसा आवाज करत गळाली, असं म्हणतात, देवरावांनी तो ऐकला नाही, ते त्या दिवसांत त्या रस्त्यानं गेलेच नाहीत.

—

*गारखोरा – उघडला.*
*हिवरी – संपली.*

गारखोऱ्याचं पाणी आलं आणि गावानं पोटभर शिजलेलं वरण खाल्लं. असे दिवस थोडेच गेले.

पाण्याच्या बुरुजावर इंग्रजी अमदानीत कोरलेली पट्टी होती. तिच्यावरून खाली उतरणारं पाणी देवराव रोज पाहत होते, आणि रोज ते ठरल्याहून जास्त उतरलेलं असायचं. जिथं एका खुणेवरून दुसरीवर यायला आठवडा लागावा तिथं दोन-तीन दिवसांत येऊ लागलं. पोहऱ्याला भगदाड पडावं, तसं.

"नळ फुटला असेल," देवराव म्हणाले.

पुंजाराम घाटापासून गावापर्यंत नळाच्या रेघेनं चालत आला. कुठं ओल नव्हती.

"चोरी असेल."

पुंजाराम पुन्हा चालत गेला. वाटेवरच्या पाड्यातल्या लोकांना त्यानं विचारलंही असेल, कारण परत आला तेव्हा शिव्या खाऊन आल्यासारखं तोंड होतं. "साहेब, थे म्हणून राहिले, आमी नदीतले झिरे उपसून पेतो, तुमच्या नळाले भोक पाडाले आमाले कुदळ कोन देईन?"

शेवटी डांबराची रिकामी पिंपं बांधून त्यांनी तराफा केला. एक लांब बांबू घेतला. दोघं गारखोऱ्याच्या मध्यावर गेले, जिथं दोन हत्ती बुडायचे होते.

देवरावांनी बांबू सोडला. तो थोडा गेला आणि अडला. अडला म्हणजे दगडाला नाही. दह्यात बोट घालावं तसा. त्यांनी जोर लावला, आणखी खाली गेला, मऊ, मऊ, आणि जात राहिला. वर काढला तेव्हा पाण्यानं ओला झालेला भाग हातभर होता आणि त्याच्या खाली पुरुषभर काळाभोर गाळ चिकटलेला.

त्यांनी दुसरीकडं टाकून पाहिला. तेच. तिसरीकडं. तेच.

पट्टी खरी होती. पण ती मोजायची तळापासून, आणि तो तळ तलाव बांधला त्या सालचा होता. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात डोंगराची माती तलावात उतरत राहिली. पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीमुळं गारखोरा कधी आटलाच नाही. कोणी त्याचा तळ पाहिलाच नाही.

आणि हिवरी?

देवराव तराफ्यावर बसले. पिंपं कलली, पुंजारामनं त्यांचा दंड धरला.

हिवरीचा गाळ दर उन्हाळ्यात निघायचा. तो काढा असं कोणी कधी ठरवलं नव्हतं. काठाचं पाणी मागं सरलं, की आखाजीच्या आधी गाड्या जुंपायच्या आणि शेतात, बगीच्यात गाळ नेऊन टाकायचा, ही रीत होती. कुंभार न्यायचे, माळी न्यायचे, ज्याला पाहिजे तो न्यायचा. देवरावांच्या बापानं नेला होता. गाडीत गाळावर बसून ते आणि बाई घरी यायचे, दोघांचे पाय काळे. पिढ्यान्पिढ्या लोक हिवरी खोल करत आले होते. आणि गारखोऱ्याला घाट चढून गाळ न्यायला कोण येणार?

म्हणून हिवरी संपता संपत नव्हती. तिच्यात जागोजाग लोकांनी खोदलेले खड्डे होते आणि त्यांत सावलीचं, खोल, उन्हाला न सापडणारं पाणी. परात ही होती. इथं. ते बसले होते ती.

"साहेब," पुंजाराम दंड न सोडता म्हणाला, "फळ्यावर काय लिहू?"

—

त्या दिवशी फळा पुसलेला राहिला.

—

देवराव पार्बताबाईकडं गेले नाहीत. गेले असते तर म्हणाले असते, बाई, तुझ्या सासऱ्यानं आणि आपल्या बापानं गाड्या भरभरून जे पाणी हिवरीत साठवून ठेवलं होतं, ते मी थंडीत उपसून टाकलं, जेव्हा त्याची कोणाला गरज नव्हती. बाई म्हणाली असती, बस, पाणी पे. आणि पाणी नसतं. म्हणून गेले नाहीत.

खुशालरावांकडं मात्र जावं लागलं. सांगितल्यावर अध्यक्षांनी आधी दार लावून घेतलं.

"म्हणजे उलटं केलं आपण."

"उलटं केलं."

"हिवरी ठेवाची होती."

"होय."

"मी कलेक्टरले काय सांगून आलो, माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

"कोनाले बोलू नका." मग थकलेल्या आवाजात, "बोला नाईतं काय. नळ बोलणारच हाय."

नळ बोलला. आधी एक दिवसाआड, मग चौथ्या दिवशी, मग वार ठरवून. माहेर असलेल्या बाया लेकरं घेऊन माहेरी गेल्या. खाजगी विहिरींवर पोलीस बसले. धामणगावाहून रेल्वेची टाकी मिळते का म्हणून पत्रं गेली. खालच्या पेठेत मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी नळापाशी हंड्यांच्या रांगेत बसायची, देवरावांची सायकल दिसली की ती मोठ्यानं म्हणायची, "आता डाळ शिजते हो देवरावजी! शिजवाले पाणी तेवढं धाडा!" रांग हसायची. देवराव उतरायचे, टोपी काढायचे, डोकं पुसायचे, टोपी घालायचे. हसणारी माणसं अजून हंडा फेकत नाहीत, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

वैशाखात त्यांनी सभेपुढं शेवटचं मागणं मांडलं. गारखोऱ्याच्या कडेचा गाळ उघडा पडला आहे. मधल्या थोड्या पाण्याला धक्का न लावता तो आत्ता निघाला, तर पुढच्या पावसाळ्यात तेवढं पाणी जास्त मावेल. दवंडी द्या. ज्याला पाहिजे त्यानं न्यावा.

"घाट चढून कोन येईन?" वरच्या पेठेचे मेंबर म्हणाले.

"दवंडी द्याले काय जाते," खुशालराव म्हणाले. त्यांना आता वाद घालायचा कंटाळा आला होता.

दवंडी दिली. पुंजारामनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *गारखोरा – गाळ मोफत. वाट दाखवली जाईल.*

—

कोणी आलं नाही.

देवराव रोज सकाळी घाट चढून येत आणि कड्याच्या सावलीत बसत. पुंजारामनं फावडी आणि टोपली आणून ठेवली होती, ती तशीच. समोर काळी, भेगाळलेली, चकाकणारी जमीन. मधे थोडं पाणी, त्यावर एक बगळा. इतकी माती. डोंगरानं एवढी वर्षं काहीही न बोलता आणून टाकलेली.

"साहेब, आपून दोघंच काढू," पुंजाराम म्हणाला.

"दोघांनी काय होणार?"

"काही नाई होत. पण बसल्यानं बी काही नाई होऊन राह्यलं."

तेही खरं होतं. दोघांनी काढायला घेतला. टोपलं भरायचं, पाळीपलीकडं टाकायचं. दुपारपर्यंत खाटेएवढा खड्डा झाला. देवरावांच्या हाताला फोड आले.

पुंजारामनं आधी ऐकलं. खाली घाटात चाकांचा आवाज. बैल फुसफुसत होते, कोणीतरी त्यांना शिव्या देत होतं, आणि तो आवाज बाईचा होता.

गाडी वळणावरून वर आली. गोवर्धनभाऊजी बैलांपुढं पायी चालत होते, एकेका बैलाच्या कपाळावर हात ठेवत. गाडीत पार्बताबाई उभी. तिचे केस धुळीनं पांढरे झाले होते. का आधीच झाले होते, देवरावांनी मधे कितीतरी दिवस पाहिलंच नव्हतं.

ती उतरली. भावाकडं न पाहता खड्ड्याकडं पाहिलं. वाकून मूठभर गाळ घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"चांगला हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "हिवरीपेक्षा चांगला हाय." मग देवरावांना, "तुहा हिसोब चुकला म्हणतात गावात."

"हिशेब बरोबर होता, बाई. तळ माहीत नव्हता."

"मंग पाह्याचा ना तळ."

"कोणीच पाहिला नव्हता."

"कोनी पाह्यला नाई म्हणून तं तुले ओव्हरसियर केलं." तिनं हात पदराला पुसले. "झाडं गेली. सम्दी गेली. बुंधे उपटून राह्यलो आमी. नवी लावाची म्हटलं तं जमिनीत दम पाह्यजे."

"नवी फळाला यायला..."

"माहीत हाय मले किती वर्सं लागते थे. तू नको सांगू. भर आता."

देवरावांनी टोपलं उचललं आणि गाडीकडं गेले. गाडीच्या फळ्यांना चांगल्या बोटबोट फटी होत्या. ओला गाळ घाट उतरेपर्यंत निम्मा गळून गेला असता. पण तिनं तळाला कापड अंथरलं होतं. फटींवर नीट दुहेरी घडी करून, कोपरे खुंट्यांना बांधून. हिरवं कापड. लाल काठ.

टोपलं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"काय पाह्यतं?" पार्बताबाई मागून म्हणाली. "नवंकोरं हाय. एक डाव बी नेसली नाई. घट्ट विणीचं हाय, थेंब जाणार नाई खाली. कामाले आलं तुहं लुगडं."

पुंजाराम तोंड फिरवून बगळ्याकडं पाहू लागला.

"टाक," ती म्हणाली. "अन शीग लावून भर. घाट मी पुन्हा पुन्हा चढणार नाई." थांबली. "उद्या चढीन. पर्वा बी. पण तू आज शीग लावून भर."

देवरावांनी टोपलं लुगड्यावर उपडं केलं. गाळ पडला तो आवाज जड होता, ओला. ते खड्ड्याकडं वळले. दुसरं टोपलं भरू लागले. गोवर्धनभाऊजींनी बैल सोडले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि फावडं उचललं.